आवाज जिथं मोठा

१

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असताना माझा एक नेम होता. शनिवारी दुपारी पणजीहून डिचोलीची बस पकडायची, तिथून सर्वणला घरी चालत यायचं, हातपाय धुवायचे आणि चहा उकळेपर्यंत घरातल्या सगळ्यांची हृदयं ऐकून काढायची.

स्टेथोस्कोप नवा होता. रबराला अजून दुकानाचा वास येत होता. ओसरीवरच्या बाकावर एकेकाला बसवायचं. आधी आई. ती मान वळवून अंगणाकडे बघत राहायची, जणू दुसऱ्या कुणाची तपासणी चालली आहे. मग बाबुकाका. बाबुकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, खाणीवर मुकादम. बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. बनियन वर करताना ते दर वेळी तेच म्हणायचे.

"बघ गो सरू डागतरनी, आत काळीज असा काय नाय."

"असा. पण कोणाचा आयकणारा नाय."

आई पदराआड हसायची. काका हसायचे नाहीत, पण पुढच्या शनिवारी बनियन वर करायला पुन्हा पहिले हजर.

सगळ्यात शेवटी देवकी, माझी धाकटी बहीण. तिला मी शेवटी ठेवायचे, कारण तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती हसत सुटायची. हसू संपलं की धापायला लागायची. धाप थांबेपर्यंत चहा निवायचा. तेवढ्या कारणासाठी कितीतरी शनिवार मी तिला नीट ऐकलंच नाही.

पंचाहत्तर सालच्या चैत्रात मी तिला पहिल्यांदा डाव्या कुशीवर निजवून ऐकलं. त्याच आठवड्यात आमच्या सरांनी वॉर्डात शिकवलं होतं: बसलेल्या माणसात जे लपतं, ते कुशीवर वळवलं की पुढं येतं.

ते आलं.

२

त्याआधी पंपाचं सांगायला हवं.

बाबा, मधुकर त्यांचं नाव, खाणीवर पंपवाले होते. सावंतवाडीकडून कामाला आले आणि इथलेच झाले. खाणीच्या खड्ड्यात साचणारं पाणी दिवसरात्र उपसत ठेवायचं, हे त्यांचं काम. भंगारात काढलेला एक पंप त्यांनी मुकादम भावाच्या ओळखीनं घरी आणला आणि आमच्या विहिरीवर बसवला. विहिरीतून निघालेला लोखंडी पाइप अंगणातून येऊन आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीतून न्हाणीतल्या टाकीपर्यंत जायचा. सर्वणात त्या वेळी नळ उघडून आंघोळ करणाऱ्या मुली आम्ही दोघीच.

बाबा पंप कानानं ओळखायचे. त्यांच्याकडे सागवानाची हातभर कांडी होती. एक टोक पंपाच्या अंगाला लावायचं, दुसरं कानाला. डोळे मिटून ऐकायचे, मग कांडी आमच्याकडे द्यायचे.

"आयक. झडप बंद होताना टक् म्हणता. म्हटला? आता हय लाव. हय काय?"

"गुरगुरता," देवकी म्हणायची. तिचा कान माझ्याहून तयार होता. मी उगाच मान डोलवायचे.

"मग बिघाड खय?"

"हय."

"कशावरसून?"

"आवाज जिथं मोठा, तिथं बिघाड." हे आम्ही दोघी एका सुरात म्हणायचो, पाढ्यासारखं.

विहिरीच्या तळाशी पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर जाऊ देणारी, खाली उतरू न देणारी एक झडप. आमच्याकडच्या पाण्यात खाणीची लाल माती. ती झडपेच्या कडांना बसायची, कडा चिकटायच्या, झडप पुरती उघडायची नाही. वर पंप गुरगुरत राहायचा, चढावर लोड घेऊन निघालेल्या ट्रकासारखा, आणि न्हाणीत करंगळीएवढी धार. मग बाबा विहिरीत उतरायचे. गळ्याएवढ्या पाण्यात उकिडवे बसून हात खाली घालायचे आणि अंगठ्यानं ती झडप उघडी धरायचे. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कधीतरी मधोमध चिरलं होतं ते तसंच वाढायचं.

आम्ही वर, बटणापाशी. खालून हाक यायची.

"चालू कर गो!"

विहिरीतून ती हाक जाड होऊन यायची. बटण कोण दाबणार यावरून आमची भांडणं व्हायची आणि बाबा खाली पाण्यात कुडकुडत वाट बघायचे. मग धार लागायची. ते वर यायचे तेव्हा मानेपर्यंत लाल असायचे. पंपाच्या शेडचा गारवा, ग्रीसचा वास, आईनं पायरीवर आणून ठेवलेला चहा आणि उंडा-पाव. आजही कुठं पंप चालू झालेला ऐकला की आधी मला उंड्याचा वास येतो.

खाण खोल गेली तशी आमची विहीर आटत गेली. खड्ड्यातलं पाणी आणि आमच्या विहिरीतलं पाणी आतून एकच होतं. म्हणजे दिवसभर तिकडे पंप चालवून बाबा संध्याकाळी स्वतःचीच विहीर कोरडी झालेली बघायचे. ते यावर काही बोलायचे नाहीत. काकांना मी विचारलं, तर म्हणाले, "पोटाक काय खातलंस, पाणी?"

बाहत्तरच्या पावसात खड्ड्यातला पंप चोंदला. बाबा तापानं घरी होते. काका स्वतः येऊन त्यांना घेऊन गेले. झडप मोकळी करायला बाबा खाली उतरले आणि बाजूची दरड आली. त्यांचं काहीच सापडलं नाही. काकांनी दर्भाची आकृती करून क्रिया केली.

त्याच वर्षी आमच्या विहिरीचा तळ पहिल्यांदा उघडा पडला.

३

देवकीच्या डाव्या कुशीवर, स्तनाच्या खाली, रुपयाएवढ्या जागेत मला ऐकू आलं ते असं. पहिला ठोका मोठा, कुणी फळी आपटावी तसा. दुसरा ठोका. त्याच्या पाठोपाठ एक बारीक टक्. आणि मग तळातून एक गुरगुर, पुढच्या ठोक्याच्या आधी थोडी चढणारी.

मी तीन वेळा ऐकलं. पुस्तक उघडायची गरज नव्हती. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, मायट्रल. कडा चिकटलेल्या. रक्त अरुंद फटीतून ढकललं जातंय, म्हणून गुरगुर. नऊ वर्षांची असताना देवकीला घसा दुखून ताप आला होता, एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा. काकांनी गाऱ्हाणं घातलं, ताप गेला, गाऱ्हाण्याला यश आलं. ताप गुडघ्यातून निघून कुठं जाऊन बसला, हे कुणी पाहिलं नाही.

"काय गो? एवढा काय आयकतस?" देवकीनं विचारलं.

"चढ चढताना दम लागता तुका?"

"सगळ्यांकाच लागता."

"निजल्यावर?"

तिनं उशी पाठीशी ओढली. मग म्हणाली, "भिंतीक टेकून निजलंय काय बरा वाटता."

रात्री चहा-जेवण आटोपल्यावर मी सांगितलं. झडप अरुंद झाली आहे. मुंबईला ऑपरेशन होतं. सर्जन हृदयात बोट घालून ती उघडतात. ते केलं नाही आणि लग्न झालं, दिवस राहिले, तर सातव्या महिन्यात ती पाण्यात बुडाल्यासारखी मरेल, कोरड्या खाटेवर.

देवकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, मांद्र्याला. नारळाचा धंदा, घर समुद्राकडे. मुलाच्या आईला देवकीचे लालसर गाल फार आवडले होते. ते गालही त्याच रोगाचे होते, हे मी काकांना सांगितलं.

"म्हणजे आता गाल पण रोग?" काका म्हणाले. "तू चार बुका शिकलंस आणि घरात धडधाकट कोण उरला नाय. हातात ती नळी असा म्हणान तुका रोग दिसता."

"दिसत नाय, ऐकू येता. तुमी बाबांसारखो कान तरी लावून बघा."

"मधुकराचा नाव घेव नको."

"मग कोणाचा घेऊ? देवाच्या प्रसादाचा?"

"कौलप्रसाद लावतलंय मी. उद्या." त्यांनी पान थुंकलं. "देव सांगात तसा."

४

ती चूक मला रविवारी सकाळी सापडली. चूक म्हणजे, त्या आवाजातली.

सरांनी शिकवलेलं दुसरं वाक्य असं होतं: आवाज सापडला की तिथंच थांबू नका, तो कुठवर जातो ते बघा. झडप गळत असेल, रक्त मागं येत असेल, तर फुंकर ऐकू येते आणि ती काखेकडे पसरते. महाधमनीच्या तोंडाची झडप बिघडली तर आवाज मानेत चढतो. पण मायट्रलची ही गुरगुर पसरत नाही. ती तिथंच, रुपयाएवढ्या जागेत बसून असते. दोन बोटं सरका, संपली.

देवकी अजून अंथरुणात होती. तिला देवळात जायचं होतं, पण उठवत नव्हतं. मी नोंद पुरी करावी म्हणून नळी दोन बोटं सरकवली.

गुरगुर तिथं होती.

चार बोटं. होती. काखेत होती. मी तिला उठवून बसवलं, पाठीवर लावली. पाठीवर जरा जास्तच स्पष्ट.

मी स्वतःला समजावलं. देवकी हडकुळी, छाती पातळ. शिवाय मी शिकाऊ. तिला पुन्हा निजवलं आणि केवळ चूक सिद्ध करण्यासाठी नळी खाटेच्या लाकडावर टेकवली. लाकूड आवाज वाहून नेतं, हे तर आम्ही लहानपणापासून जाणत होतो. खाटेतून ठोके आले. बरोबरच होतं. खाट भिंतीला टेकलेली. भिंतीवर लावली.

भिंतीत आवाज मोठा होता.

"काय गो करतस?" देवकी हसत होती. "भिंतीक ताप इलो?"

"गप ऱ्हव."

"बाबा असेच करायचे. आठवता? एकदा कांडी घेऊन म्हशीच्या पोटाक लावलेली."

मी पण हसले. हसताना माझा हात भिंतीवरून सरकत होता. जनेलाच्या गजांखाली, जिथून पाइप भिंतीत शिरला होता, तिथं गिलावा लोखंडाच्या गंजानं तांबूस झाला होता. तिथं मी नळी लावली आणि लगेच कानांतून काढली, कारण कान दुखले.

५

काका, आई आणि देवकी साडेनऊला देवळात गेले. मी गेले नाही. मला देवाशी नाही, काकांशी भांडण होतं, आणि ते देवळात करता येत नाही.

घर रिकामं झालं. मी विचार केला तो असा: देवकीचं हृदय खाटेला लागून, खाट भिंतीला, भिंत पाइपाला. पोकळ पाइप आवाज वाढवतो. यात काही विशेष नाही. आता देवकी घरात नाही, म्हणजे पाइप मुका असणार. तेवढं बघितलं की प्रश्न मिटला.

मी भिंतीपाशी उकिडवी बसले आणि नळी लावली.

फळी आपटल्यासारखा ठोका. दुसरा. टक्. गुरगुर.

घड्याळ लावून मोजले. मिनिटाला शहाऐंशी. खाणीचा पंप असेल, असं मनाशी म्हटलं. पण पंपाला दोन ठोके नसतात. शिवाय रविवारी खाण बंद.

मी तिथंच बसून राहिले. उन्हाची तिरीप जनेलातून आत येऊन देवकीच्या उशीवर पडली होती. उशीवर तिच्या डोक्याचा खळगा अजून होता. थोड्या वेळानं ठोके वाढले. शंभर, एकशेदहा. मग उतरले. पुन्हा वाढले, पुन्हा उतरले. तिसऱ्या वेळी इतके झाले की मला मोजता येईनात, गुरगुर आणि ठोका एकात एक मिसळले, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बस, देवकी. बस खाली."

ठोके हळूहळू उतरले.

अकराला ते परत आले. काका खूश होते. पुजाऱ्यानं देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या होत्या. कौल लावल्यावर उजवीकडची कळी आधी पडली. म्हणजे होकार. लग्न वैशाखातच.

देवकी ओसरीवर टेकली. ओठ निळसर दिसत होते.

"देवळाच्या पायऱ्या चढताना बसलंस?" मी विचारलं.

"दोनदा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा बसूक नव्हतंय, पण कोणीतरी हाताक धरून बसवला असा वाटला." ती आईकडे वळली. "आये, तू बसवलंस मा?"

आई चढताना दोघांच्या पुढं होती. तिनं नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं.

६

दुपारी बारा-सव्वाबारा. चैत्रात त्याच वेळी, तेवढी दहा-पंधरा मिनिटं, ऊन आमच्या विहिरीच्या तळाला लागतं. लहानपणी आम्ही त्याची वाट बघायचो, कारण तेव्हा पाण्यातले मासे दिसायचे.

मी पंपाच्या शेडात गेले. पट्टा कधीच सडून पडला होता. बटणावर कोळ्यानं घर केलं होतं. कांडी खुंटीला होती तशीच. मी नळी गळ्यातच राहू दिली आणि कांडी घेतली. का, ते मला सांगता येणार नाही. विहिरीत उतरणाऱ्या पाइपाला एक टोक लावलं, दुसरं कानाला.

तिथं आवाज सगळ्यात मोठा होता.

बिघाड खय? हय. कशावरसून?

मी काठावर ओणवी झाले. तीन वर्षं कोरडी विहीर. तळाची लाल माती भेगाळून पापडासारखी वळलेली. पाइप तिच्यात रुतला होता, फूटव्हॉल्व्ह मातीखाली. ऊन तळावरून सरकत सरकत पाइपापाशी पोचलं आणि मला दिसलं की पाइपाच्या बुंध्याभोवतीची माती ओली आहे. परातीएवढाच भाग. आणि त्या ओल्या भागात, पाइपाला लागून, मातीचाच रंग असलेलं एक कोपर वर आलेलं होतं. कुणी उकिडवं बसून हात खाली घालावा तसं. ते स्थिर नव्हतं. खूप वेळ एकच वजन धरून ठेवलेला हात थरथरतो, तसं ते थरथरत होतं.

मग ऊन सरलं. विहिरीच्या तळाला सावली आली आणि माती नुसती माती झाली.

मुळाचा बुंधा असेल. पिंपळाची मुळं कुठंही निघतात. मी हे स्वतःला मोठ्यानं सांगितलं आणि घरात येऊन काकांना म्हटलं, "ती विहीर बुजवा."

त्यांना वाटलं मी विषय बदलतेय. "विहीर कित्याक?"

"कोरडी असा, उघडी असा. लग्नाच्या मांडवात पोरा धावतली, पडतली. खाणीची टाकलेली, रिजेक्शन माती फुकट मिळता. आठ ट्रक टाकले काय संपला."

"मधुकराची विहीर ती."

"मधुकराची होती. मेलेल्या माणसाची विहीर राखायची आणि जित्या मुलीक मारायचा, ही खयची रीत?"

काका उठून उभे राहिले. माझ्या अंगावर येतील असं वाटलं. पण आई मधे बोलली. बाबा गेल्यापासून तिनं काकांसमोर तोंड उघडलेलं मी ऐकलं नव्हतं.

"भावोजी," ती म्हणाली, "तेंच्या अंगात ताप होतो आणि तुमी न्यायला इल्यात. मी गप रवलंय. आता देवकीक सरू नेता. आता तुमी गप ऱ्हवा."

काका ओसरीच्या पायरीशी गेले. मग त्यांनी चप्पल घातली. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मांद्र्याक मी सांगतंय, लग्न पुढे गेला म्हणान. आणि विहिरीचा बघतंय."

मी जिंकले होते. दोन्ही.

७

मुंबईतलं हॉस्पिटल मोठं होतं आणि तिथं कुणालाही आमच्याबद्दल कुतूहल नव्हतं. मला ते आवडलं. देवकीला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं तिला कुशीवर वळवलं, ऐकलं आणि दोन बोटं सरकून थांबला. आवाज जागच्या जागी होता. पुस्तकातल्यासारखा. घरापासून पाचशे किलोमीटरवर माझी बहीण एक साधी पेशंट होती.

फक्त ती झपाट्यानं खालावत होती. तीन दिवसांत तिला सपाट निजता येईना. "भिंत खय असा?" ती झोपेत विचारायची. वॉर्डात तिची खाट मधल्या रांगेत होती.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी. मी शेवटच्या वर्षाला आहे म्हणून मला काचेमागून बघू दिलं. बघण्यासारखं फार नव्हतं. सर्जनची पाठ, हिरवी चादर, भिंतीवरचं घड्याळ. त्यांनी हृदयाच्या कानाला, म्हणजे वरच्या कप्प्याच्या लोंबत्या पाळीला, छेद दिला, बोट आत सरकवलं आणि टाके आवळून धरले. बोट आत गेलं की सर्जन आंधळाच असतो. जे कळतं ते बोटाच्या पेराला.

दहाला दहा मिनिटं कमी असताना त्यांचे खांदे एकदम ताठ झाले. शेजारच्या मदतनिसानं त्यांच्याकडे बघितलं. मग खांदे सैल झाले.

नंतर ते हात धुताना मी गेले. साठीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ.

"उघडली," ते म्हणाले. "किंचित गळेल. फुंकर ऐकू येईल तुम्हाला. घाबरू नका, तेवढ्यावर ती म्हातारी होईल."

"कडा फार घट्ट होत्या का, सर?"

"दगड." त्यांनी नळ बंद केला, पण हात पुसायला घेतले नाहीत. "जोर लावायच्या आधीच उघडली. शेकडो झडपा उघडल्यात मी. आत आपलं बोट एकटं असतं." त्यांनी ओली बोटं झटकली. "मला वाटलं, माझ्या बोटाशेजारी कुणीतरी आधीच दाब देतंय. इतका वेळ. आणि आता, मी आलो म्हणून, एकदाच शेवटचा जोर लावून..." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "अंगठा वाटला. थकवा असेल. हे कुठं लिहू नका."

त्याचं नख चिरलेलं होतं का, हे मी विचारलं नाही.

मी धावत पोस्टात गेले. दोन तारा केल्या. एक आईला, देवकी बरी आहे. दुसरी काकांना, विहिरीला हात लावू नका.

८

दुसरी तार पोचायला उशीर झाला होता. महिन्यानं देवकीला घेऊन मी घरी आले, तेव्हा विहिरीच्या जागी लाल मातीचा उंचवटा होता आणि त्यावर गवत धरू लागलं होतं.

काका ओसरीवर बसले होते. मला तपासू द्यायला त्यांनी बनियन वर केलं नाही.

"मंगळवारी ट्रक इलो," ते म्हणाले. "दहाचो भोंगो व्हायच्या जरा आधी. ड्रायव्हर आमच्याच खाणीचो. तेना ट्रक काठाक लावलो. मी आत एकदा वाकून बघितलंय, कुत्रा-मांजर पडला नाय मा, म्हणान."

"मग?"

"खालसून हाक इली."

आई आत भांडी घासत होती. तो आवाज थांबला.

"काय हाक?"

"'चालू कर गो.'" काका माझ्याकडे वळले. "माका कोण 'गो' म्हणतलो, सरू? ती माका नव्हती. तुमका होती. मी ट्रकवाल्याक थांबवूक हात वर केलंय."

त्यांनी हात तसा वर करून दाखवला. उघडा पंजा, खांद्याच्या वर. तीस वर्षं खाणीवर मुकादमी करताना ते रोज शंभर वेळा तो हात वर करत होते. आम्ही लहानपणी लांबून बघायचो. ट्रक मागं येऊन थांबायचे आणि काकांच्या त्या पंजाची वाट बघायचे. त्याचा अर्थ एकच होता. ओत.

"तेना ओतल्यान," काका म्हणाले.

मला काहीतरी तिखट बोलायचं होतं. इतक्या वर्षांची सवय होती. पण विहीर बुजवायला सांगितली होती मी. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा हात अजून वरच होता, मी तो धरून खाली आणला.

९

देवकीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, मांद्र्यालाच. मुलगा थांबला होता. त्याच्या आईला आता सुनेचे गाल फिके वाटतात.

मी महिन्यातून एकदा जाते. तिच्या खोलीला समुद्राकडे जनेल आहे, वारा भरपूर. तरी तिनं खाट तिथून हलवून आतल्या भिंतीला लावून घेतली आहे. त्या भिंतीपलीकडे परसू आणि परसात घराची विहीर. नवऱ्यानं कारण विचारलं, तर म्हणाली, हय बरा वाटता. माझ्यासमोरच म्हणाली, माझ्याकडे बघत.

परवा गेले तेव्हा तिला पाचवा महिना होता. नेहमीसारखं डाव्या कुशीवर निजवलं. गुरगुर गेली आहे. आता पहिल्या ठोक्याबरोबर एक हलकी फुंकर आहे, सर्जन म्हणाले होते तशी. गळक्या झडपेची फुंकर काखेकडे पसरते, हे पुस्तकातलं आहे. मी नळी सरकवत नेली. दोन बोटं, चार बोटं, काख. तिथंही होती, बरोबर होती.

"फुडे आयक मा," देवकी म्हणाली. तिनं डोळे मिटले होते, बाबा मिटायचे तसे. तिची पाठ भिंतीला टेकली होती. "फुडे मोठा येता."

मी नळी काखेतच धरून ठेवली. कितीतरी वेळ. माझा हात थरथरायला लागेपर्यंत.